‘आत्या, तुझं आउटलुक आता येणार नाही बरं का!’

रविवारची सकाळ. गॅसवर पोह्यांना वाफ येत होती आणि हॉलमध्ये भाचा माझ्या कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसला होता. इंजिनिअरिंगला छत्रपती संभाजीनगरला असतो, पंधरा दिवसांनी जालन्याला येतो. आला की माझी कामं काढून बसतो, हे त्याचं चांगलं आहे. त्या दिवशी मात्र त्यानं आतूनच हाक मारली, ‘आत्या, लिनक्स टाकतो, पण तुझं आउटलुक आता येणार नाही बरं का!’

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. ‘येणार नाही म्हणजे? माझे मेल कुठे जाणार?’

‘जुने मेल कशाला लागतात? आता मेल कोण बघतंय? सगळं व्हॉट्सअॅपवर तर असतं!’

मैत्रिणींनो, मी गॅस बंद केला, बाहेर आले आणि आधी कॉम्प्युटरचं बटण दाबून तो चक्क बंद केला. पोरगं बघतच राहिलं. पण त्या डब्यात काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. त्यात माझ्या वडिलांची, म्हणजे त्याच्या आजोबांची, चारशे बारा पत्रं होती.

अण्णा अंबडला शिक्षक होते. निवृत्तीनंतर, २००५ साली, त्यांनी एमएस-सीआयटी केलं. हा कोर्स २००१ साली राज्यात सुरू झाला आणि आपल्या गावागावांतल्या किती बायकांनी, नोकरीच्या आशेनं म्हणा, हौसेनं म्हणा, तो केला, तुम्हाला ठाऊक आहेच. अण्णा वर्गात सगळ्यांत वयस्कर. पण पास झाले! आम्ही तेव्हा यजमानांच्या बदलीमुळे नागपूरला होतो. फोनवर अण्णा फार बोलायचे नाहीत, ‘बरं आहे ना? ठेवू का?’ एवढंच. आणि ई-मेलमध्ये दोन-दोन पानं लिहायचे. मत्स्योदरी देवीच्या डोंगरावर किती गर्दी होती, मोसंबीला काय भाव मिळाला, पाऊस कसा हुलकावणी देऊन गेला, आईनं कोणाशी अबोला धरला, सगळं. मायेचं बोलणं त्यांना तोंडानं कधी जमलंच नाही. ते कीबोर्डावर जमलं.

ते गेले २०१५ साली. त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला. ज्या कंपनीच्या पत्त्यावर माझी ती मेल यायची, तिनं ती सेवा केव्हाच गुंडाळली. म्हणजे जगात त्या पत्रांची एकच प्रत होती, माझ्या आउटलुकमध्ये. आणि हा म्हणतोय, आउटलुक येणार नाही!

आता मुळात लिनक्सची वेळ का आली, ते सांगते. माझा कॉम्प्युटर २०१४ चा. त्यावर विंडोज ८ होतं, पुढे फुकटात विंडोज १० मिळालं. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सांभाळ थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण चोरवाटा बुजवणाऱ्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला यायच्या, त्या थांबल्या. नाव नोंदवणाऱ्यांना मुदतवाढ दिली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. बरं, विंडोज ११ वर जावं म्हटलं तर त्याला साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते. माझ्या मशिनीत दोन्ही नाही. म्हणजे चांगला चालता कॉम्प्युटर टाकून नवा घ्यायचा! घरात फ्रीज पंधरा वर्षं वापरणाऱ्या आपण, हे कसं पटावं?

लिनक्सचं नाव मी ऐकून होते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली आणि जगभरच्या लोकांनी ते फुकट वाढवलं, एवढं माहीत होतं. आपल्याकडे सी-डॅकनं २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स काढलं, त्यात मराठीही आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकताहेत. पण आम्हाला क्लासमध्ये कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि मेल म्हणजे आउटलुक असंच शिकवलेलं. पीठ म्हणजे एकाच चक्कीचं, असं कोणी शिकवावं तसं! त्यामुळे ‘आउटलुक गेलं’ म्हणताच आपल्याला वाटतं, मेलच गेले.

भाच्याला मी पोहे दिले, चहा दिला आणि म्हटलं, आधी मला समजावून सांग, मग हात लाव.

त्यानं समजावलं ते असं. मेल वेगळी आणि मेल दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा. आपली पत्रं ट्रंकेत असतात. ट्रंक बदलली म्हणून पत्रं बदलत नाहीत. पण ट्रंक फेकायच्या आधी पत्रं काढून घ्यावी लागतात! आणि ती ट्रंकेत आहेत की अजून पोस्टात आहेत, ते आधी बघावं लागतं.

हे पोस्टात-ट्रंकेत प्रकरण नीट ऐका, कारण सगळी गोम इथेच आहे. मेल आणण्याच्या दोन रीती आहेत. एक पॉप, दुसरी आयमॅप. पॉपमध्ये पोस्टमन पत्र तुमच्या हातात देतो आणि विषय संपतो. तसं मुद्दाम सांगून ठेवलं नसेल तर पोस्टात प्रत राहत नाही. आयमॅपमध्ये मूळ पत्र पोस्टातच तुमच्या नावाच्या खणात राहतं, तुम्ही घरी बघता ती त्याची प्रत. जीमेल मोबाइलवरही दिसतं आणि कॉम्प्युटरवरही, ते या दुसऱ्या जातीतलं. मोबाइलवर तुमचे जुने मेल सगळे दिसत असतील तर निम्मी काळजी मिटली. प्रोग्रॅम कोणताही घ्या, खातं जोडा, मेल आपोआप उतरतात.

माझं खातं होतं पॉपचं. २००६ पासून!

आमच्या गल्लीतल्या एका ताईंचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. बचत गटाचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्याकडे. बँकेचे मेल, प्रदर्शनाची बोलावणी, मसाल्याच्या ऑर्डरी. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्यांनी तो एका दुकानात दिला. दुकानदारानं विचारलं, ‘ताई, काही महत्त्वाचं आहे का?’ ताई म्हणाल्या, ‘फोटो आहेत.’ त्यानं फोटो काढून ठेवले आणि बाकी सगळं पुसून कोरं करून दिलं. मेलही डिस्कवरच असतात हे ताईंच्या ध्यानात नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही. दोघांपैकी कोणाला बोल लावणार? पण गटाच्या बायका आजही हिशोबाचा विषय निघाला की हळहळतात.

तेव्हा माझा भाच्याला पहिला हुकूम, आधी कळस मग पाया नको. विंडोज पुसायचं नाही. आधी नवा मेल प्रोग्रॅम शोधायचा, तो याच विंडोजवर चालवून बघायचा, पत्रं त्यात आली की मगच लिनक्स. तो म्हणाला, ‘आत्या, हे तर कॉलेजमध्ये पण कोणी सांगितलं नव्हतं!’ अरे, घर बदलताना देव आधी नेतात आणि मागाहून सामान, यात शिकवायचं काय?

मग सुरू झाली स्थळं बघायला सुरुवात! हो, अगदी तसंच वाटत होतं. एकाचं रूप चांगलं तर शिक्षण कमी, दुसऱ्याचं सगळं चांगलं तर पत्रिका जुळत नाही.

लिनक्समध्ये एक सोय फार छान आहे. पेन ड्राइव्हवर ते उतरवून घ्यायचं, तीन जीबीच्या आसपास असतं, आणि कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून चालू करायचा. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. चव बघा, नाही आवडलं तर पेन ड्राइव्ह काढा. भाच्यानं लिनक्स मिंट नावाचा प्रकार निवडला, कारण त्याचा पडदा विंडोजसारखा दिसतो, खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. पुढचे दोन शनिवार-रविवार आम्ही त्यावर वेगवेगळे मेल प्रोग्रॅम उघडून बसलो.

पहिलं स्थळ ‘इव्होल्युशन’. बघताक्षणी आवडलं, कारण अगदी जुन्या आउटलुकच्या वळणावर गेलेलं. डावीकडे मेल, पत्ते, कॅलेंडर. ज्यांच्या ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज आहे त्यांच्यासाठी त्यात वेगळी जोडणी मिळते. एखाद्या कारखान्यात किंवा बियाण्यांच्या कंपनीत ऑफिसला असलेल्या मैत्रिणीनं हे जरूर बघावं. माझ्या चार जीबीच्या मशिनीवर मात्र ते जरा जड पावलांनी चालायचं.

दुसरं ‘गिअरी’. दिसायला नीटनेटकं, बटणं कमी, गप्पांसारखे मेल एकाखाली एक. जिला फक्त जीमेल बघायचं आहे तिला सुटसुटीत. पण ते फक्त आयमॅपवाल्या खात्यांचं आहे, पॉप त्याला चालत नाही आणि पोस्टात नसलेली जुनी पत्रं ठेवायला त्यात जागाच नाही. म्हणजे अण्णांची पत्रं दारातच. नको!

तिसरं ‘क्लॉज मेल’. हे फार हलकं. पंधरा वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवरही पळावं असं. पण त्यात पत्र लिहायचं तर निव्वळ साध्या अक्षरात, रंग नाही, ठळक नाही, फॉण्ट नाही. मला त्याचं काही नव्हतं, पण अण्णांच्या पत्रांच्या बाबतीत हीच गोष्ट आडवी आली. ती कशी, ते पुढे सांगते. ‘केमेल’ म्हणून आणखी एक आहे, ते केडीई नावाच्या दुसऱ्या घरातलं, माझ्या मिंटवर त्यासाठी बराच पसारा मांडावा लागला असता म्हणून भानगडीत पडलो नाही.

भाच्याचं म्हणणं, हे सगळं कशाला, ब्राउझरमध्ये जीमेल उघड की झालं. बरोबर आहे त्याचं. फक्त जीमेल असेल तर लिनक्सवर काहीच शोधावं लागत नाही. मायक्रोसॉफ्ट लिनक्ससाठी आउटलुक बनवत नाही, पण त्याचं वेबवरचं रूप तिथेही उघडतं. पण आमच्याकडे दुपारी लाइट गेली की वायफाय गेलं, पाऊस आला की केबल गेली. अशा वेळी मेल आपल्या डिस्कवर असले तर निदान वाचता तरी येतात. शिवाय एक सेवा बंद झाल्याचा चटका मी सोसलेला. पुन्हा सगळं दुसऱ्याच्या घरात ठेवायचं माझ्या जिवावर येतं. हा माझा स्वभाव म्हणा.

शेवटी जुळलं ते ‘थंडरबर्ड’. मिंटमध्ये ते आधीपासूनच घालून मिळतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या घरचं. पहिली आवृत्ती २००४ च्या डिसेंबरमध्ये आली. मध्ये २०१२ साली मोझिलानं त्यातून अंग काढून घेतल्यासारखं केलं होतं, आता बंद पडणार असंच सगळे म्हणत. पण वापरणाऱ्यांनी धरून ठेवलं. २०२० पासून मोझिलाचीच एक वेगळी कंपनी ते सांभाळते आणि खर्च चालतो लोकांच्या देणग्यांवर. माझ्यासाठी मोठी गोष्ट ही, की ते विंडोजवरही चालतं आणि लिनक्सवरही. म्हणजे मला हवं होतं तसं, आधी इथे पत्रं भरून घ्यायची आणि मग ट्रंक उचलून तिकडे न्यायची.

तसंच केलं. विंडोजवर थंडरबर्ड बसवलं. त्यात ‘इम्पोर्ट’ म्हणून सोय आहे, त्याच कॉम्प्युटरवर आउटलुक असेल तर ते त्यातले मेल ओढून घेतं. हे लक्षात ठेवा, आउटलुक असताना! आउटलुकची पत्रं पीएसटी नावाच्या एकाच गठ्ठ्यात असतात. लिनक्सवर गेल्यावरही तो गठ्ठा सोडवायची साधनं आहेत, पण ते काम काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून करायचं, आपल्यासारखीनं घाबरून जावं असं. त्यापेक्षा इकडेच हात धुऊन घेतलेले बरे.

पत्रं यायला लागली. मी खुर्ची ओढून शेजारी बसून राहिले, जणू काही नजर हटली तर एखादं वाटेत पडेल. मोजून बघितली, चारशे बारा. भाचा म्हणाला, ‘झालं ना?’ मी म्हटलं, ‘पुन्हा मोज.’

मग थंडरबर्डमधल्या ‘एक्स्पोर्ट’वर टिचकी मारली. पत्रं, पत्ते, सेटिंग असं सगळं एका झिप फाइलमध्ये बांधून मिळतं. फक्त सगळं मिळून दोन जीबीच्या आत हवं. जास्त असेल तर थंडरबर्डचं प्रोफाइल नावाचं फोल्डर असतं, तेच आख्खं उचलून न्यायचं. माझं दोनच्या आत बसलं. ती फाइल दोन पेन ड्राइव्हवर घेतली. एक कपाटात, एक भाच्याच्या खिशात. अन् मग मी परवानगी दिली, ‘टाक बाबा आता तुझं लिनक्स.’

अर्ध्या तासात काम झालं. थंडरबर्ड उघडलं, झिप फाइल आत घेतली, डावीकडे ‘अण्णा’ असं फोल्डर दिसलं. काय सांगू, छातीत धडधडत होतं. पहिलंच पत्र उघडलं आणि... सगळा गिचमिड! इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मध्येच उद्गारचिन्हं. दुसरं उघडलं, तेच. तिसरं, तेच. आकडा चारशे बाराचाच होता, पण वाचता एकही येईना.

भाच्याचा चेहरा उतरला. ‘आत्या, फाइल खराब झाली वाटतं.’ मी गप्प. रडू यायला लागलं होतं ते आवरलं, आणि त्याच वेळी आठवलं. अरे, ही गिचमिड मी आधी बघितलीय! २००६ साली नागपूरला अण्णांचं पहिलं पत्र आलं तेव्हा अगदी असंच दिसलं होतं. मी फोन केला तर अण्णा म्हणाले, ‘तुझ्याकडे फॉण्ट नसेल.’ आणि मग त्यांनी फॉण्टची फाइल एका सीडीवर घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कुरिअरनं पाठवली होती. सोबत तिळाच्या वड्याही होत्या.

आजच्या मुलींना हे गमतीचं वाटेल. आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. ‘क’ला जगभर एकच क्रमांक, कोणत्याही कॉम्प्युटरवर तो ‘क’च. पण त्या काळी ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ असे फॉण्ट वापरत. त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असायची, फॉण्ट फक्त त्यांना मराठी साडी नेसवायचा! फॉण्ट काढला की साडी फिटली, आत इंग्रजी गिचमिड. आणि प्रत्येक फॉण्टची साडी नेसवायची तऱ्हा निराळी, शिवाजीतलं पत्र कृतिदेवला वाचता येत नाही. पत्राच्या विषयाच्या ओळीला तर फॉण्ट लावताच यायचा नाही, म्हणून अण्णा विषय इंग्रजी अक्षरांत लिहायचे. ‘खुशाली’. जवळजवळ प्रत्येक पत्राचा विषय हाच.

म्हणजे पत्रं शाबूत होती, फक्त विंडोजसोबत फॉण्टही गेला होता. क्लॉज मेलमध्ये ही पत्रं का जमली नसती, ते आता कळलं असेल. साध्या अक्षरात दाखवलं की कुठला शब्द कुठल्या फॉण्टचा ही खूणच हरवते.

सीडी सापडली. देवघराच्या खालच्या कप्प्यात, लग्नाच्या कॅसेटींजवळ. पण सीडी घालायची कशात? भाच्याच्या लॅपटॉपला ती जागाच नाही! माझ्या जुन्या कॉम्प्युटरला होती. हसू आलं मला, भंगारात निघालेल्या त्याच मशिनीला. सीडी दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा वाचली गेली. फॉण्टच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली, ‘इन्स्टॉल’ आलं, दाबलं. झालं? नाही! अजून गिचमिडच. मग भाच्यानं थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये फॉण्टच्या प्रगत पर्यायांत जाऊन बघितलं. तिथे एक चौकट असते, पत्राला स्वतःचा फॉण्ट वापरू द्यायचा की नाही, अशा अर्थाची. तिच्यावर खूण केली.

आणि पडद्यावर अण्णा आले.

‘चि. सौ. कां.’ने सुरुवात. हो, ई-मेललासुद्धा! उजवीकडे अंबड आणि तारीख. खाली ‘तुझा अण्णा’.

भाचा वाचायला लागला. एक, दोन, पाच. त्याचा जन्म २००६ चा. अण्णांनी त्याच्या बारशाचं वर्णन लिहिलं होतं, पाळणा कोणाकडून आणला, नाव ठेवताना कोण रुसलं, बाळाचं नाक कोणावर गेलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आजोबा म्हणजे त्याच्या लेखी खोकणारे, कमी बोलणारे, चष्मा शोधणारे. ‘आत्या, आजोबा एवढं बोलायचे?’ असं म्हणाला तो. मी स्वयंपाकघरात गेले, काहीतरी काम काढून.

२०१० नंतरची पत्रं आपसूकच दिसत होती. तोवर अण्णा युनिकोडमध्ये लिहायला शिकले होते, इन्स्क्रिप्ट कीबोर्डावर. त्यांच्या विंडोजमध्ये ‘मंगल’ फॉण्ट होता, माझ्या लिनक्सवर तो नाही, तरी पत्राचं काही अडलं नाही. दुसऱ्या देवनागरी फॉण्टनं ते दाखवलं. हे सुखासुखी झालेलं नाही. ज्या काळात अण्णा फॉण्टची सीडी कुरिअर करत होते, त्याच काळात काही माणसं लिनक्सवर भारतीय भाषा आणायला धडपडत होती. २००० च्या सुमारास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ सुरू केलं. रेड हॅट कंपनीनं ‘लोहित’ नावाचे फॉण्ट सगळ्यांसाठी खुले केले, त्यात देवनागरी आहे. लिनक्समधले मराठी मेनू, मराठी शब्द, ही सगळी कुणी ना कुणी बसून केलेली कामं आहेत. माझ्या पडद्यावर अजून काही मेनू मराठीत तर काही इंग्रजीत दिसतात, खिचडीत मध्येच खडा लागावा तसं. पण चालतंय.

मराठी टाइप करायला लिनक्समध्ये इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड निवडता येतो, इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सोयही जोडता येते. मी दुसरी घेतली. अण्णांनी साठीत जे शिकून घेतलं ते मला अजून जमलेलं नाही, कबूल!

आता ज्या मैत्रिणी हे करायच्या विचारात असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी, घाईघाईत. जीमेल थंडरबर्डला जोडताना गुगलची स्वतःची खिडकी उघडते, पासवर्ड तिथे द्यायचा. प्रोग्रॅमला नुसता पासवर्ड सांगून काम भागायचं ते गुगलनं २०२२ च्या मे महिन्यात बंद केलं. त्यामुळे फार जुना मेल प्रोग्रॅम असेल तर तो ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणत राहतो आणि आपण बिचाऱ्या पासवर्ड बदलत बसतो. पत्त्यांची यादी आउटलुकमधून वेगळी काढून घ्या. मेलखालची सही आणि अमुक मेल अमुक खणात टाक अशा ज्या सूचना दिलेल्या असतील, त्या पुन्हा कराव्या लागतात, एक दुपार जाते. आणि विंडोज १० मधलं ते छोटं निळं ‘मेल’ वापरणाऱ्या असाल तर ते मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या अखेरीसच बंद केलंय, त्यावर आता मेल येतही नाही, जातही नाही. तुमचा प्रोग्रॅम तसाही बदलायचाच आहे.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. यजमानांच्या दुकानाचा हिशोब टॅलीवर आहे आणि टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. त्यामुळे दुकानातला कॉम्प्युटर विंडोजचाच राहिला. माझा प्रिंटर पहिल्या दिवशी रुसून बसला होता, दुसऱ्या दिवशी आपला आपण चालू झाला, का ते भाच्यालाही कळलं नाही. आणि मी अजून दिवसातून दोनदा, जिथे आउटलुकचं बटण असायचं तिथे बोट नेते.

गल्लीतल्या त्या ताई मध्ये येऊन गेल्या. त्यांनी थंडरबर्ड बघितलं, बचत गटाचं खातं त्यांनीही आता आयमॅपवर केलंय. ‘गेलेलं काही परत येतं का हो?’ असं विचारलं त्यांनी. भाच्यानं त्यांना खरं ते सांगितलं. चहा मात्र त्यांनी अर्धाच घेतला.

पत्रांचं म्हणाल तर भाच्याची आता वेगळीच टूम आहे. शिवाजी फॉण्टमधली सगळी पत्रं युनिकोडमध्ये बदलायची, म्हणजे सीडी आणि फॉण्ट यांची कटकट कायमची मिटेल. बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण जोडाक्षरांत चुका राहतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. म्हणून एकेक पत्र तपासावं लागतं. रात्री फोन येतो, ‘आत्या, आजोबांनी इथे काय लिहिलंय गं? “गव्हाची उंबी” की “ओंबी”?’ मी चष्मा लावून मूळ पत्र उघडते आणि सांगते. परवापर्यंत एकसष्ट झाली होती.

काल त्यानं विचारलं, ‘आत्या, आजोबांना तू काय उत्तरं लिहायचीस?’ मी ‘सेंट’चा खण उघडून बघितला. बहुतेक ठिकाणी दोनच ओळी. ‘पत्र मिळाले. कामात आहे, सविस्तर नंतर लिहिते.’